शून्याची तपासणी

संघप्रिया वाकोडे ब्याण्णव साली भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरीला लागली. खालच्या गाळ्यांमध्ये स्टीलच्या भांड्यांना पॉलिश व्हायचं, त्यामुळे जिन्याच्या कठड्याला हात लावला तरी काळा व्हायचा. तिसऱ्या मजल्यावर आत्माराम राऊत यांचा तापमान मोजायची उपकरणं बनवणारा लहानसा कारखाना होता. तिथे चपला बाहेर काढून आत जावं लागे. सगळ्यात आत, काचेच्या दाराआड, एसी असलेली खोली होती. तिला सगळे लॅब म्हणत. मुलाखतीच्या दिवशी संघप्रियाला ती खोली इतकी आवडली, की पगाराचं बोलणं चाललं असताना तिचं लक्ष त्या दाराकडेच होतं.

ती फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. तिचे वडील बापूराव मूळचे परभणीकडचे. मुंबई महापालिकेच्या पाणी खात्यात मुकादम म्हणून त्यांची नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर वरळीची खोली सोडून त्यांनी भाईंदर पश्चिमेला, मोरवा गावाच्या अलीकडे, नव्या बिल्डिंगमध्ये वन रूम किचन घेतलं. पाणी खात्यात जन्म गेलेल्या माणसाला इथे टँकर आला की बादल्या घेऊन खाली पळावं लागे, आणि त्यावरून बायको, प्रभावती, त्यांची रोज थट्टा करी. घरात पदवी घेतलेली संघप्रिया पहिलीच. मुलगी लॅबमध्ये आहे हे बापूराव विहारातल्या प्रत्येकाला दोनदोनदा सांगत.

लॅबचं काम सुचेताताई बघायच्या. वयानं दहाबारा वर्षांनी मोठ्या, मीरा रोडला शांती नगरात राहणाऱ्या. नाव लांब पडतं म्हणून त्या संघप्रियाला प्रिया म्हणायच्या, मग सगळेच तसं म्हणायला लागले. पण काम त्यांनी मनापासून शिकवलं. कारखान्यात बनणारा सेन्सर म्हणजे बोटाएवढी स्टीलची नळी. तिच्यात एक चिप आणि वायरच्या टोकाला आकडा दाखवणारी डबी. बाहेरून सगळे सेन्सर सारखे दिसले तरी एकाच पाण्यात बुडवले की प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा यायचा. म्हणून ते ढवळत्या पाण्याच्या टाकीत, ज्याचा आकडा खरा मानायचा त्या मास्टरच्या शेजारी ठेवायचे, पाणी हळूहळू तापवत किंवा गार करत न्यायचं, प्रत्येक ठिकाणी सेन्सर किती चुकतो ते टिपायचं आणि तेवढी दुरुस्ती त्याच्या मेमरीत भरायची. मग तो बरोबर बोलायला लागे.

मास्टर म्हणजे लॅबचा जीव. क्वार्ट्झच्या लांब नळीत प्लॅटिनमची केसासारखी तार असलेला परदेशी थर्मामीटर. त्याला दोन्ही हातांनी उचलायचं, टेबलावर कधी ठेवायचं नाही, काम झालं की थेट गादीच्या पेटीत. त्याला नुसता धक्का लागला, काच फुटली नाही, तरी आतली तार ताणली जाते आणि तो कायमचा चुकीचं सांगायला लागतो. तो चुकला की त्याच्या शेजारी ठेवलेला प्रत्येक सेन्सर चुकणार. म्हणून दर सोमवारी त्याची तपासणी व्हायची. डिस्टिल्ड पाण्याचं बर्फ चुरून थर्मास भरायचा, त्यात मास्टर उभा करायचा आणि वाट बघायची. आकडा शून्यावर येऊन थांबला की आठवडा सुरू. ही शून्याची तपासणी पुढे संघप्रियाच करू लागली. बर्फ इतकं बारीक आणि सारखं चुरायची तिला सवय झाली, की सुचेताताई दाराशी उभं राहून बघत आणि काही न बोलता निघून जात.

पंचाण्णवच्या हिवाळ्यात लस बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची ऑर्डर आली. त्यांच्या थंड खोल्यांसाठी सेन्सर हवे होते आणि अट कडक होती. एका अंशाचे शंभर भाग केले तर त्यातल्या पाचांहून जास्त चूक चालणार नव्हती. आत्मारामसाहेबांनी ती पत्करली. संघप्रियानं आठवडाभर एकेक सेन्सर टाकीतून काढला. शुक्रवारी संध्याकाळी लॉट पुरा झाला. शनिवारी कल्याणला तिच्या मावसबहिणीचा साखरपुडा होता म्हणून तिनं रजा घेतली होती. पार्सल शनिवारी सकाळी स्टोअरमधून गेलं.

सोमवारी तिनं नेहमीप्रमाणे बर्फ चुरलं. मास्टर शून्यावर थांबला नाही. शंभरातले सात भाग वर थांबला.

तिला वाटलं बर्फात काही मिसळलं असेल. तिनं थर्मास धुतला, नवं बर्फ घेतलं. पुन्हा सात. जेवणानंतर तिसऱ्यांदा केलं, तरी तोच आकडा. मग तिनं सुचेताताईंना बोलावलं. त्या आकडा बघून म्हणाल्या, आत्ता कुणाला बोलू नकोस, बघू या. संघप्रियाला ते पटलं नाही. लॉट निघून गेला होता आणि तो लस ठेवायच्या खोल्यांमध्ये बसणार होता. मास्टर कधी बिघडला हे कळल्याशिवाय त्यातला एकही सेन्सर बरोबर आहे असं म्हणता येत नव्हतं. संध्याकाळी ती स्वतःच साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

आत्माराम राऊत वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग सुचेताताईंना आणि आपल्या मुलाला, जितेंद्रला, बोलावलं. जितेंद्र नुकताच धंद्यात आला होता आणि विक्रीचं बघायचा. साहेबांनी विचारलं, गेल्या सोमवारी मास्टर बरोबर होता, मग मधल्या दिवसांत त्याला कुणी हात लावला? संघप्रिया म्हणाली, शुक्रवारपर्यंत मीच वापरत होते, धक्का लागला नाही. शनिवारी मी नव्हते.

"शनिवारी लॅब उघडलीच नव्हती," सुचेताताई म्हणाल्या. "चावी माझ्याकडे होती."

मग उरली ती एकटी संघप्रिया. ती म्हणाली, साहेब, लॉट परत मागवा आणि दुसऱ्या मास्टरवर तपासा. सेन्सर बरोबर निघाले तर धक्का शुक्रवारनंतर लागलाय. चुकलेले निघाले तर माझ्या हातून लागला असेल. साहेबांनी मान हलवली. लॉट तर मागवावाच लागेल, म्हणाले. पण जितेंद्रचं म्हणणं होतं की कंपनीला कारण आत्ताच द्यावं लागेल. कारण नसलं तर ते आपल्या सगळ्या पद्धतीवरच शंका घेतील. एका माणसाची चूक आहे आणि त्या माणसानं ती मान्य केलीय म्हटलं की विषय संपतो. तो तिला अगदी गोड आवाजात म्हणाला की कुणी तुला काढत नाहीये, रात्रभर विचार कर, दोन ओळी लिहून दे.

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. प्रभावती रडायलाच लागली. बापूरावांनी दोन प्रश्न विचारले, नोकरी राहील का, आणि पोलिसात वगैरे जाणार नाहीत ना. मग म्हणाले, "लिहून दे बाई. माणसाच्या हातून होतं. माफी मागून टाक."

"पण माझ्या हातून झालं नाही, बाबा."

"झालं नसंल. पण तुझ्याबिगर तिथं कोण होतं? लिहून दे अन् मोकळी हो."

तिला बापाकडून हे अपेक्षित नव्हतं. हा माणूस पाणी खात्यात साहेबाशी भांडायला कधी मागे हटला नव्हता. लहानपणापासून तिला त्यांनी एकच शिकवलं होतं की आपली चूक नसेल तिथे मान खाली घालायची नाही. ते स्वतःच मान घाल म्हणतायत म्हणजे त्यांनासुद्धा माझ्या हातून झालं असं वाटतंय, हे तिच्या मनात बसलं. ती जेवली नाही. सकाळी जाऊन तिनं दोन ओळी लिहून दिल्या. अनवधानाने धक्का लागला, क्षमा असावी. जितेंद्रनं कागद वाचला आणि थँक्यू म्हणाला.

लॉट परत आला. तोवर तिला लॅबमधून काढून पॅकिंगच्या टेबलावर बसवलं होतं. दुसरा मास्टर कुणाकडून तरी आणला गेला आणि सुचेताताईंनी दार लावून घेऊन सगळे सेन्सर तपासले. ते परत पाठवायची वेळ आली तेव्हा थर्माकोलच्या खोक्यांत भरायचं काम संघप्रियाकडे आलं. प्रत्येकाबरोबर नवं सर्टिफिकेट होतं. तिनं सुचेताताईंना गाठून विचारलं, किती चुकले होते?

"होते थोडेफार," त्या म्हणाल्या आणि तिच्याकडे न बघता आत गेल्या.

मग संघप्रियाची खात्री पटली. धक्का आपल्याच हातून लागला होता आणि आपल्याला कळलासुद्धा नव्हता. तो आठवडा तिनं मनात पुन्हा पुन्हा चालवून बघितला. कुठे कोपर लागलं, कुठे पेटी जोरात ठेवली, कुठे घाई झाली. नाही म्हटलं तरी एखादा असा क्षण सापडायचा आणि मग तोच असणार असं वाटायचं. घरी काचेचा ग्लास उचलतानासुद्धा ती आता दुसरा हात खाली धरायची. खोकी भरताना तर ती इतकी हळू झाली की स्टोअरचा माणूस ओरडायचा.

काही महिन्यांनी तिनं नोकरी सोडली. दुसऱ्या दोनतीन लॅबमध्ये अर्ज केला. एका ठिकाणी मुलाखत चांगली चालली होती, मग समोरच्या गृहस्थांनी विचारलं, राऊतांकडे ते मास्टरचं प्रकरण झालं ते तुमच्याच वेळी ना? धंदा लहान होता, सगळे एकमेकांना ओळखत होते, आणि जितेंद्रनं कारण देताना नाव लपवायची तसदी घेतली नव्हती. शेवटी तिनं मीरा रोडला एका क्लासमध्ये शिकवायला सुरुवात केली. नववी-दहावीचं विज्ञान. नया नगरातली मुलं यायची, शांती नगरातली यायची, अर्धं मराठीत आणि अर्धं हिंदीत शिकवावं लागे. मुलांना ती आवडायची. स्थळं येत होती, बापूराव ती तिला विचारून पुढे नेत होते किंवा नाकारत होते. घरात त्या प्रकरणाचं नाव कुणी काढत नसे.

अठ्ठ्याण्णव साली, एका रविवारी, सुचेताताई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

खूप वाळल्या होत्या. प्रभावतीनं त्यांना आत घेतलं, चहा टाकला. बापूराव खिडकीशी पेपर वाचत होते. सुचेताताईंनी आधी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग एकदम सुरुवात केली. आत्मारामसाहेब थकले, आता सगळं जितेंद्रच्या हातात आहे. त्यानं वसईला नवी जागा घेतली, संगणकावर चालणारं सगळं आणलं, दोन नवी पोरं ठेवली आणि सुचेताताईंना सांगितलं की उद्यापासून येऊ नका. "इतकी वर्षं राबले, प्रिया. एक निरोपाचा चहासुद्धा नाही पाजला." बराच वेळ त्या जितेंद्रबद्दलच बोलत होत्या. तो कसा आहे, कुणाला कसा फसवतो, बापाला कसं गुंडाळून ठेवलंय. आणि त्या ओघातच म्हणाल्या, "तो मास्टर तरी तू कुठे पाडला होतास? त्यानंच आपटला."

संघप्रियाच्या हातात कप होता. तो तिनं खाली ठेवला आणि नीट सांगा म्हणाली.

त्या शनिवारी दुपारी, कारखाना सुटल्यावर, जितेंद्रकडे पाहुणे आले होते. त्यांना लॅब दाखवायची म्हणून त्यानं सुचेताताईंना घरून बोलावून घेतलं. त्यांनी दार उघडलं. जितेंद्रनं पेटीतून मास्टर एका हातानं उचलला आणि बोलता बोलता वळला, तेव्हा नळी टाकीच्या कडेवर आपटली. आवाज झाला. फुटली नाही म्हणून तो हसला आणि ठेवून दिली. सोमवारी आकडा बघितल्यावर सुचेताताई आधी त्याच्याकडेच गेल्या होत्या, आणि संघप्रिया केबिनमध्ये जायच्या आधीच त्यानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, लॅब उघडली नव्हती म्हणायचं. तेव्हा त्यांच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, घरात त्यांचाच एक पगार येत होता.

"आणि लॉट?" संघप्रियानं विचारलं. "परत आलेले सेन्सर?"

"सगळे बरोबर होते. एकही चुकलेला नव्हता. मी जितेंद्रला सांगितलं, तर म्हणाला नवी सर्टिफिकेटं करा आणि पाठवून द्या."

म्हणजे ज्या सेन्सरांनी तिला सोडवलं असतं ते तिनं स्वतःच्या हातांनी थर्माकोलमध्ये भरून पाठवले होते. संघप्रियाला ओरडावंसं वाटलं नाही, रडूही आलं नाही. तिला फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती.

"ताई, तुम्हाला त्यानं काढलं नसतं तर तुम्ही आज आला असतात?"

सुचेताताईंनी पदर सारखा केला. त्या म्हणाल्या की माझ्या मनाला फार लागून राहिलं होतं, तुला कल्पना नाही. संघप्रियानं पुन्हा तोच प्रश्न विचारला. चहा अर्धा टाकून त्या उठल्या, आणि दाराशी प्रभावतीचा हात धरून, मला माफ केलं म्हणायला सांगा तिला, असं म्हणाल्या. संघप्रिया जागेवरून हलली नाही.

दार लागलं. मग संघप्रिया वडिलांकडे वळली. तिला वाटत होतं ते आता उठतील, तिच्या डोक्यावर हात ठेवतील, माझं चुकलं म्हणतील. तसं म्हणाले असते तर ती तिथेच रडली असती आणि कदाचित सगळं धुऊन निघालं असतं. बापूरावांनी पेपरची घडी घातली.

"मला तवाच माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"तुझ्या हातून झालं नाही ते. तू लहानपणी भाकरीचं पीठ सांडत नव्हतीस, अन् तो काचेचा जिन्नस आपटशील? मला एक क्षणबी वाटलं नाही."

संघप्रियाला आधी समजलंच नाही. मग समजलं. "मग मला माफी का मागायला लावलीत?"

त्यांनी सांगितलं. त्या केबिनमध्ये खरं काय ते बघायला कुणी बसलेलं नव्हतं. मालकाचा पोरगा, जुनी बाई आणि तू. तिघांतलं कोण जाणार हे मला इथं बसून दिसत होतं. भांडली असतीस तर त्याच दिवशी बाहेर काढली असती आणि वर चोरटी म्हणून नाव घातलं असतं. माझी पेन्शन तेवढी, तुझ्या लग्नाचं बघायचं होतं. मी नोकरीत भांडलो, पण माझ्या मागं युनियन होती. तुझ्या मागं कोण होतं?

"तुम्ही होता," संघप्रिया म्हणाली.

बापूराव खिडकीबाहेर बघायला लागले.

"इतकी वर्षं मी माझ्या हातांवर विश्वास ठेवला नाही, बाबा. मला वाटत होतं मीच केलं. तुम्ही एकदा तरी सांगायचं होतं, मला माहीत आहे तू केलं नाहीस म्हणून."

"सांगितलं असतं तर तू लिहून दिलं नसतंस."

हे खरं होतं, आणि त्यामुळे ते तिला आणखीनच सोसवेना. वडिलांनी आपल्याला खोटं समजलं या दुःखाची तिला सवय झाली होती. ते खरं मानत असूनही गप्प बसले, आणि रोज समोर बसून जेवत असताना गप्प बसले, याचं काय करायचं ते तिला कळेना. प्रभावती मध्ये पडून म्हणाली की त्यांनी तुझ्या भल्यासाठीच केलं ना. संघप्रिया म्हणाली, हो, सगळ्यांनी कुणाच्या ना कुणाच्या भल्यासाठीच केलं.

दुसऱ्या दिवशी क्लासला जायच्या आधी ती आत्मारामसाहेबांच्या घरी गेली. ते स्टेशनजवळच्या जुन्या बंगलीत राहायचे. खुर्चीत शाल घेऊन बसले होते, तिला ओळखायला त्यांना वेळ लागला. तिनं सगळं सांगितलं, शनिवारचं, परत आलेल्या लॉटचं, जितेंद्रनं काय सांगितलं त्याचं. त्यांनी ऐकलं. मुलाचं नाव आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले, पण खोटं आहे असं म्हणाले नाहीत. मग म्हणाले, जुन्या गोष्टी झाल्या, तो लॉटही गेला, कुणाचं काही नुकसान झालं नाही.

"मी लिहून दिलेली माफी परत घ्यायला आलेय," संघप्रिया म्हणाली.

त्यांना त्याचा अर्थ लागला नाही. तो कागद आता कुठे सापडणार, म्हणाले. कागद नकोय, तुम्ही फक्त ऐका, तिनं सांगितलं. मी धक्का लावला नव्हता. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, बरं, परत घेतलीस असं समज. आणि आतल्या बाईला हाक मारून तिच्यासाठी सरबत आणायला सांगितलं. ते यायच्या आत ती उठली.

तिनं त्यानंतर पुन्हा एकदा अंधेरीच्या एका लॅबमध्ये अर्ज केला. राऊतांकडचं का सोडलं असं विचारल्यावर घडलं तसं सगळं सांगितलं. समोरचे दोघे एकमेकांकडे बघत राहिले. कळवतो म्हणाले. कळवलं नाही. ती क्लासमध्येच राहिली.

बापूरावांशी तिनं बोलणं टाकलं नाही. टँकर आला की ती त्यांच्या आधी बादल्या घेऊन खाली जायची, त्यांचा चष्मा बदलून आणायची, दवाखान्यात बरोबर जायची. फक्त त्यांना काही विचारायचं तिनं बंद केलं. पुढच्या वर्षी विरारच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं, तेव्हा ती स्वतःच जाऊन त्याला भेटली, स्वतःच होकार देऊन आली आणि घरी येऊन आईला सांगितलं. बापूराव तिथेच बसले होते. मुलगा कसा आहे, घरचे कोण, असं त्यांनी विचारलं. तिनं प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. मग त्यांनी चाचरत विचारलं, मी एकदा जाऊन बघून येऊ का?

"ठरलंय बाबा," ती म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.